घरच्या ४१२ छायाचित्रांसाठी मोफत सेवा निवडताना: प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

येत्या डिसेंबरात आईचे सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले आहे आणि त्यानिमित्ताने घरातली सगळी जुनी छायाचित्रे सर्व नातेवाइकांना आपापल्या फोनवर पाहता यावीत, हे काम माझ्याकडे आले आहे. आम्ही कराडला, दादा ठाण्याला, चुलतभाऊ नागपूरला आणि धाकटी बहीण मेलबर्नला, अशी पांगापांग असल्यामुळे अल्बम हातोहात फिरवणे शक्य नाही. आज चार अल्बम आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा रिकामा करून मोजणी केली, तेव्हा ४१२ छायाचित्रे भरली. असेच काम हाती घेणाऱ्या कोणाला तरी उपयोग होईल म्हणून या नोंदी ठेवत आहे; त्यांत चुकाही लिहीन.

सेवा मोफतच हवी, हा हट्ट चिकूपणाचा नाही. दरमहा शे-दीडशे रुपये मी भरू शकतो. परंतु मग सगळ्या घराची छायाचित्रे माझ्या एकट्याच्या कार्डावर टांगली जातात आणि ते कार्ड कधी बंद पडले, तर पैसे कोणी भरायचे हा प्रश्न नेमका अडचणीच्या वेळी उभा राहतो. दुसऱ्या बाजूने मोफत सेवेचा कटू अनुभवही मला आहे. २००८ सालच्या आमच्या कोकण सहलीची छायाचित्रे मी एका मोफत संकेतस्थळावर ठेवली होती. ते संकेतस्थळ बंद झाले, बंद होण्याची सूचना मी उघडतच नसलेल्या ईमेलवर आली आणि मला कळले तेव्हा तिथे काहीच उरले नव्हते.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर चारच अटी लिहिल्या आहेत. त्र्याऐंशी वर्षांच्या काकांना एका टिचकीत छायाचित्र दिसले पाहिजे. बाहेरच्या माणसाला ते दिसता कामा नये. ज्याला हवे त्याला पूर्ण आकाराचे छायाचित्र उतरवून घेता आले पाहिजे. आणि उद्या ती सेवा सोडायची वेळ आली, तर सगळे सामान नावा-तारखांसह बाहेर काढता आले पाहिजे. चौथी अट मी शेवटी लिहिली आणि शेवटीच तपासली. ती पहिल्या दिवशी तपासायला हवी होती. त्याचा हिशेब पुढे येईलच.

३ ऑगस्ट, रविवार

गावातल्या एका दुकानात नमुन्यादाखल ४० छायाचित्रे स्कॅन करायला दिली. दर नगाला १५ रुपये, म्हणजे ६०० रुपये झाले. संध्याकाळी पेनड्राइव्ह हाती आला तेव्हा त्यात चाळीस पानांची एकच पीडीएफ होती. शिवाय रंग आपोआप 'सुधारून' दिल्यामुळे आईच्या लग्नानंतरच्या एका छायाचित्रातली अंजिरी साडी तांबडी झाली होती. दुकानदाराचा दोष फारसा नाही, कारण स्कॅन कसे हवे हे मीच सांगितले नव्हते. ६०० रुपये आणि एक दिवस गेला. उरलेले काम घरीच करायचे ठरवले.

१० ऑगस्ट, रविवार

ओळखीतून जुना सपाट काचेचा स्कॅनर २,८०० रुपयांना मिळाला. आठवडाभर रोज रात्री तास-दीड तास दिला. ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) ठेवले, तर ४ × ६ इंचांच्या छायाचित्राची फाइल २,४०० × ३,६०० पिक्सेलची होते आणि जेपीजीमध्ये साधारण ४ एमबी जागा घेते. हे पुरेसे आहे. ए-४ मापाच्या काचेवर ४ × ६ ची तीनच छायाचित्रे बसतात, दोन उभी आणि खाली एक आडवे, तर साडेतीन बाय पाचची चार बसतात. सर्वाधिक वेळ ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बमने खाल्ला. त्यातली छायाचित्रे ओढून निघत नाहीत, कोपरा दुमडतो आणि वरचा थर फाटतो. दातांच्या फटी साफ करण्याचा बारीक धागा छायाचित्र आणि पान यांच्या मध्ये घालून करवतीसारखा पुढे-मागे सरकवला, की बहुतेक छायाचित्रे सुटतात. दोन मात्र सुटली नाहीत. ती पानासकट काचेवर ठेवली.

छायाचित्रांच्या पाठी चुकवू नयेत, हे उशिरा सुचले. आजोबांनी बहुतेक पाठींवर निळ्या शाईने तिथी, मास आणि शके लिहिलेले आहे, खाली स्टुडिओचा जांभळा शिक्का आहे. छायाचित्रापेक्षा ती पाठच अधिक बोलते. पाठींसाठी २०० डीपीआय पुरे झाले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी असल्यामुळे आज बसून सेवांची छाननी केली. आमचे एकूण सामान पाठींसह जेमतेम २ जीबी आहे. पुढे नवी छायाचित्रे आणि चित्रफिती येणार, म्हणून हिशेब १० जीबीचा धरला.

व्हॉट्सॲपवर सगळे आहेत, त्यामुळे 'ग्रुपवर टाकून दे की' हा सल्ला मला आतापर्यंत पाच जणांनी दिला आहे. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र तिथे लहान केले जाते आणि त्याच्या पोटातली तारीख व स्थळाची माहितीही गळते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर फाइल जशीच्या तशी जाते, परंतु ४१२ फाइली तशा पाठवल्या तरी त्या गप्पांच्या ओघात खाली वाहून जातील आणि पुढच्या वर्षी आत्याचे लग्न शोधायचे म्हटले तर बोटे दुखतील. ग्रुप हा निरोपासाठी ठीक आहे, साठवणीसाठी नाही.

फ्लिकर मला मनापासून आवडत असे. २०१३ साली तिथे १ टीबी जागा मोफत होती. २०१८ साली कंपनीची मालकी बदलली आणि त्यानंतर मोफत खात्याला १,००० छायाचित्रांची मर्यादा आली. पुढे त्यांतली खासगी फक्त ५० ठेवता येतील असा नियम झाला. आमची सगळीच छायाचित्रे खासगी, म्हणजे विषय संपला. ड्रॉपबॉक्समध्ये मोफत जागा २ जीबी आहे. आमचे सामान पहिल्याच दिवशी दारापर्यंत भरेल. वनड्राइव्हमध्ये ५ जीबी मिळते. मेगावर २० जीबी मिळते, तिथे फाइली कुलूपबंद साठवल्या जातात आणि त्या कुलपाची किल्ली लिंकमध्येच असते.

बहिणीचा आग्रह आयक्लाउडच्या सामायिक अल्बमसाठी होता आणि तो अगदीच गैर नव्हता. मोफत जागा ५ जीबी असली, तरी सामायिक अल्बममधली छायाचित्रे त्या ५ जीबीत धरली जात नाहीत आणि एका अल्बममध्ये ५,००० छायाचित्रे मावतात. अडचणी दोन. तिथे छायाचित्राची लांब बाजू २,०४८ पिक्सेलपर्यंत कमी केली जाते, म्हणजे आमची पूर्ण आकाराची अट मोडते. आणि आमच्या घरात आयफोन बहिणीचा एकटीचाच आहे, त्यामुळे बाकीच्यांनी नुसते बघायचे, भर घालायची नाही, असा प्रकार होईल.

राहिले गूगल फोटोज. २०१५ पासून तिथे ठरावीक दर्जाची छायाचित्रे अमर्याद ठेवता येत असत; ती सवलत १ जून २०२१ रोजी संपली आणि आता ईमेल, ड्राइव्ह व छायाचित्रे या तिघांत मिळून १५ जीबी मिळते. माझे स्वतःचे खाते ईमेलनेच ११ जीबी भरलेले आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

तीन सेवांवर तीच दहा छायाचित्रे चढवून लिंक काकांना पाठवल्या आणि मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, परंतु फोनला हात लावला नाही. एका सेवेने ॲप घेण्याची पाटी दाखवली. काकांनी फोन खाली ठेवला आणि "हे काहीतरी विकतायत," म्हणाले. दुसरीवर छायाचित्रांऐवजी फाइलींच्या नावांची यादी दिसली. त्यांनी यादी वाचली, अगदी खालपर्यंत वाचली, पण नावाला टिचकी मारायची असते हे त्यांच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. तिसऱ्या, म्हणजे गूगल फोटोजच्या लिंकवर छायाचित्रे थेट उघडली आणि काका दोन बोटांनी चित्र मोठे करून आजोबांच्या पगडीकडे बघत बसले. निवड इथेच झाली. मी दोन रात्री केलेल्या जीबीच्या तक्त्यापेक्षा ही पाऊण तासाची परीक्षा जास्त उपयोगी ठरली.

२४ ऑगस्ट, रविवार

घरासाठी वेगळे खाते उघडले, म्हणजे पूर्ण १५ जीबी छायाचित्रांना मिळतील. जागा वाचवणारा पर्याय घेतला नाही, मूळ दर्जा ठेवला. खाते दोन वर्षे वापरलेच नाही, तर ते पुसले जाऊ शकते, असा नियम आहे. म्हणून दर १ जानेवारीला आणि १ जुलैला त्यात प्रवेश करायचा, अशी आठवण दादाच्या आणि माझ्या फोनवर लावली. पासवर्ड कागदावर लिहून आईच्या लोखंडी कपाटात ठेवला आहे. यावर घरात थट्टा झाली, पण माझ्यानंतर तो कोणाला तरी सापडला पाहिजे.

मग १६० छायाचित्रे चढवली. स्कॅन केलेल्या फाइलीवर स्कॅनची तारीख पडते, त्यामुळे १९६६ पासूनची सगळी मंडळी ऑगस्ट २०२५ मध्ये एकाच रांगेत येऊन बसली. संकेतस्थळावर एकदम बरीच छायाचित्रे निवडून तारीख बदलता येते. पाठीवरचे शके वाचायचे, त्यात ७८ मिळवायचे आणि तारीख टाकायची, असा क्रम लावला. पुढची बाजू सकाळी १० वाजताची आणि पाठ १० वाजून १ मिनिटाची, असे केले की दोन्ही शेजारी राहतात. ही युक्ती चांगली चालली.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीसाठी सगळे कराडला जमले आहेत आणि आज गौरीही आल्या. जेवणानंतर 'घर' नावाचा सामायिक अल्बम सर्वांच्या फोनवर सुरू करून दिला आणि ज्याच्याजवळ जी छायाचित्रे असतील ती त्याने घालावीत, असे सांगितले. वहिनींनी त्यांच्या माहेरच्या अल्बममधली आमच्या घरची ६३ छायाचित्रे फोनने काढून आणली होती; त्यांतली निम्मी आमच्याकडे मुळीच नाहीत. दुसऱ्याने अल्बममध्ये घातलेले छायाचित्र त्याच्याच खात्याच्या जागेत धरले जाते, आमच्या १५ जीबीत नाही, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. हा आनंद पाच आठवडे टिकला.

पुतण्याने मुंजीची आठ मिनिटांची चित्रफीत घातली आणि तिच्या एकटीच्या २.८ जीबीने त्याचे खाते भरले. त्याला ईमेल येणे थांबेल म्हणून ती काढून टाकावी लागली. चित्रफिती १०८०पी या कमी जागा घेणाऱ्या दर्जातच घालायच्या, असा नियम आज केला.

७ सप्टेंबर, रविवार

आज आईला मोठ्या पडद्यावर अल्बम क्रमाने दाखवत होतो. तिच्या लग्नाचे छायाचित्र आधी आणि आत्याच्या लग्नाचे नंतर आलेले बघून ती थांबली.

"हे उलटं लावलंयस. आत्या आधी नांदायला गेली, मग मी या घरात आले."

पाठी काढल्या. आत्याच्या लग्नावर 'वैशाख शके १८८८' आणि आईच्या लग्नावर 'माघ शके १८८८' असे स्वच्छ लिहिलेले होते. मी दोन्हींत ७८ मिळवून दोन्ही १९६६ मध्ये टाकली होती, आणि फेब्रुवारी हा मेच्या आधी येतो, म्हणून आई आत्याच्या आधी या घरात आली होती. शकाचे वर्ष चैत्रात बदलते, जानेवारीत नाही. तेव्हा माघ आणि फाल्गुन या महिन्यांना ७८ नव्हे, ७९ मिळवायला हवेत. लहानपणापासून पंचांग पाहत असूनही हे माझ्या डोक्यात आले नाही. मी फेब्रुवारी १९६७ असे सांगितल्यावर आईने तिचा ताळा लावून पाहिला. "बरोबर. माघात लग्न झालं आणि पुढच्या मार्गशीर्षात भूकंप. तेव्हा दादा पोटात होता." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. जुळले.

शके घालून लिहिलेली छायाचित्रे ज्यांच्याकडे असतील, त्यांनी चैत्र ते कार्तिक ७८, माघ-फाल्गुन ७९ आणि मार्गशीर्ष-पौषासाठी त्या वर्षीचे जुने पंचांग, असे करावे. कारण हे दोन महिने कधी डिसेंबरात पडतात, कधी जानेवारीत जातात. वाचनालयात जुनी पंचांगे मिळाली. १९ छायाचित्रांच्या तारखा बदलल्या.

१४ सप्टेंबर, रविवार

आज चौथी अट तपासली, आणि तीही नागपूरच्या चुलतभावाने 'बाहेर काढून बघितलंस का?' असे विचारले म्हणून. गूगल टेकआउट या सोयीने खात्यातले सगळे सामान झिप फाइलींत मागवता येते. मागवले, काही तासांनी आले, उघडले. छायाचित्रे सगळी होती आणि आकारही मूळचाच होता. तारखा मात्र पुन्हा ऑगस्ट २०२५ च्या.

संकेतस्थळावर जाऊन बदललेली तारीख छायाचित्राच्या फाइलीत लिहिली जात नाही. बाहेर काढताना ती प्रत्येक छायाचित्रासोबत येणाऱ्या छोट्या वेगळ्या फाइलीत असते. आईच्या लग्नाची ती फाइल उघडून पाहिली, तर तारखेच्या जागी नऊ कोटींहून मोठा ऋण आकडा होता, कारण तिथे वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेली असते आणि आईचे लग्न त्याच्या आधीचे. माहिती हरवलेली नव्हती. पण उद्या ही छायाचित्रे दुसऱ्या सेवेवर चढवली, तर ती सेवा या जोड-फाइली वाचेलच याची हमी काय? माझ्या दोन रविवारांचे काम त्या सेवेपुरतेच होते, छायाचित्रांना लागलेले नव्हते.

शिवाय फाइलींना मी 'माघ-लग्न-०३' अशी देवनागरी नावे दिली होती. तीच झिप दादाने त्याच्या जुन्या संगणकावर सोडवली, तेव्हा नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे दिसली. दादाने दूरध्वनीवर शांतपणे विचारले, "मग आता परत सगळं?" हो, परत सगळे.

२१ सप्टेंबर, रविवार

एक्झिफटूल नावाचे मोफत साधन आहे. त्याला खिडक्या-बटणे नाहीत, आज्ञा टंकून चालवावे लागते, परंतु ते तारीख थेट छायाचित्राच्या फाइलीत लिहिते आणि ती फाइल कुठेही गेली तरी तारीख सोबत जाते. पुतण्याने एकदा आज्ञा लिहून दिली; पुढे दर वेळी त्यातली तारीख तेवढी बदलायची. एका प्रसंगाचा एक फोल्डर केला, म्हणजे एका आज्ञेत अख्ख्या लग्नाला तारीख लागते. हे साधन आपल्या मनाने मूळ फाइलीची प्रत शेजारी राखून ठेवते, त्यामुळे फोल्डर दुप्पट फुगलेला पाहून घाबरू नये. सगळे ठीक असल्याची खात्री झाल्यावर त्या प्रती पुसाव्यात. जिथे केवळ साल ठाऊक आहे, तिथे १ जुलै अशी तारीख घातली आणि तसे वहीत लिहून ठेवले. फाइलींची नावे आता केवळ आकड्यांत आहेत, उदाहरणार्थ १९६७-०२-०३, म्हणजे साल, महिना आणि छायाचित्राचा क्रमांक. देवनागरी तपशील वहीत आणि अल्बमच्या नावात आहे.

खात्यातली १६० छायाचित्रे पुसली आणि सुधारलेली सगळी ४१२ नव्याने चढवली. मग आणखी एकदा बाहेर काढून पाहिली. या वेळी तारखा फाइलीतच आल्या. दुबार कामाचे ११ तास झाले.

५ ऑक्टोबर, रविवार

वहिनींच्या फोनवर अल्बमच्या सूचना सारख्या येऊ लागल्या, म्हणून त्यांनी 'अल्बम सोडा' हा पर्याय दाबला. अल्बम सोडणाऱ्याने घातलेली छायाचित्रे त्याच्याबरोबरच अल्बममधून जातात. ६३ छायाचित्रे एका क्षणात दिसेनाशी झाली. हा नियम लपवलेला नाही, आम्हीच वाचला नव्हता. वहिनींना वाटले आपण घरच्यांची छायाचित्रे पुसून टाकली. त्या दोन दिवस माझ्याशी मोकळेपणाने बोलल्या नाहीत आणि सूचना बंद करण्याचा मार्ग आधी न सांगितल्याची चूक माझी होती. छायाचित्रे त्यांच्या फोनमध्ये शाबूत होती, त्यामुळे परत घालता आली.

आता नियम असा की दुसऱ्याने घातलेले छायाचित्र मी त्याच आठवड्यात घरच्या खात्यात जपून ठेवतो आणि अल्बममध्ये आमच्या खात्यातून घालतो. जागा आमची जाते. ३१ ऑगस्टचा आनंद तेवढ्यापुरता मागे घेतला.

१२ ऑक्टोबर, रविवार

ही चूक सर्वांत मोठी आणि पूर्णपणे माझी आहे. आईला छायाचित्रे सहज दिसावीत म्हणून मी घरचे खातेच तिच्या फोनवर सुरू करून दिले होते. तिचा फोन भरल्याची सूचना आली. शेजारच्या मुलाने मदत म्हणून ॲपमधली जुनी छायाचित्रे निवडून पुसली, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे तो फोन रिकामा करत होता. प्रत्यक्षात तो घरचा अल्बम रिकामा करत होता. फोनवरून पुसले की खात्यातूनही पुसले जाते आणि ज्यांच्या ज्यांच्याकडे अल्बम आहे त्या सगळ्यांना ते दिसेनासे होते. मेलबर्नहून बहिणीचा फोन पहाटे पाच वाजता आला, "आजोबा कुठे गेले?"

खात्यात चढलेली आणि मग पुसलेली छायाचित्रे ६० दिवस कचरापेटीत राहतात. १४८ होती, सगळी परत आणली. बहिणीचा फोन आला नसता आणि दिवाळीच्या गडबडीत दोन महिने कोणी पाहिले नसते, तर एक्झिफटूलवर घालवलेले तास घरच्या संगणकावरच्या प्रतीपुरते उरले असते. आईच्या फोनवरून घरचे खाते काढले. आता तिचे स्वतःचे खाते तिथे आहे आणि ती अल्बमची केवळ पाहुणी आहे. पाहुण्याला मालकाची छायाचित्रे पुसता येत नाहीत.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीत एका भावाने अल्बमची लिंक कौतुकाने आमच्या कुलवृत्तांताच्या ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपवर दोनशेहून अधिक माणसे आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांना मी ओळखत नाही. लिंक ज्याच्या हाती ती त्याला उघडते, ही तिची सोय आणि हीच तिची खोट. अल्बममध्ये लहान मुलांची न्हाणीघरातली छायाचित्रे आहेत. बहीण रागावली आणि तिचे बरोबर होते.

लिंकने उघडण्याची सोय बंद करून प्रत्येकाला त्याच्या खात्यावर नावानिशी बोलावणे पाठवायचे ठरवले. काकांचे काय, हा प्रश्न होता, कारण 'आपलं असलं काही खातं नाही' असे ते पहिल्यापासून सांगत आले होते. त्यांचा फोन उघडून पाहिला, तर खाते होते. फोन विकणाऱ्या दुकानातल्या मुलाने ते चार वर्षांपूर्वी उघडून दिले होते, आमच्या आडनावाचे स्पेलिंग चुकवून, आणि काका चार वर्षे त्या खात्यातून रोज कीर्तने ऐकत होते. अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या बहुतेक वडीलधाऱ्यांच्या बाबतीत असेच निघेल. आधी फोनच्या सेटिंगमध्ये पाहावे, मग खाते नाही असे धरून चालावे. त्याच बैठकीत अल्बममधून छायाचित्राचे स्थळ दिसण्याची सोयही बंद केली, कारण मोबाइलने काढलेल्या छायाचित्रांतून घराचा ठिकाणा कळतो.

९ नोव्हेंबर, रविवार

बहिणीने आयफोनवरून घातलेली काही छायाचित्रे हेइक (HEIC) या आयफोनच्या फाइल-प्रकारातली होती आणि दादाच्या जुन्या संगणकावर उघडत नव्हती. तिने कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अधिक चालणारा प्रकार निवडला, म्हणजे यापुढे जेपीजी येईल. अर्ध्या तासात मिटलेले हे एकमेव काम.

२३ नोव्हेंबर, रविवार

खर्चाचा हिशेब: दुकानातले स्कॅन ६०० रुपये, जुना स्कॅनर २,८००, धागा १२०, ६४ जीबीचे दोन पेनड्राइव्ह मिळून १,१००, एकूण ४,६२० रुपये. 'मोफत' सेवेसाठी एवढे लागले. वेळ साधारण ३८ तास, त्यांत दुबार कामाचे ११.

एक पेनड्राइव्ह ठाण्याला दादाकडे पाठवला, दुसरा आईच्या कपाटात पासवर्डच्या कागदाशेजारी ठेवला. दर सहा महिन्यांनी खात्यात प्रवेश करायचा त्याच दिवशी सगळे बाहेर काढून पेनड्राइव्ह ताजे करायचे, असे दादाने कबूल केले आहे. खात्यात आज ३.४ जीबी वापरली गेली आहे.

३७ छायाचित्रांतली माणसे आईलाही ओळखता आली नाहीत. ती 'कोण असावेत' नावाच्या वेगळ्या अल्बममध्ये ठेवून आत्याला आणि काकांना बोलावणे पाठवले आहे. काकांनी काल रात्री पहिली टिप्पणी लिहिली, बहुधा बोलून लिहिली असावी: 'डावीकडून तिसरा मी नव्हे तो माझा मित्र मी फोटो काढतोय'. त्या छायाचित्राची पाठ कोरी आहे; साल विचारायला उद्या सकाळी त्यांच्याकडे जायचे आहे.